गाद्या घालण्यापूर्वी खालची जमीन पाहा

शाळा सुटल्यावर मुलांनी काय करावे, हा प्रश्न घरोघरी आहे. ज्यांची मुले ज्युदो, कराटे किंवा कुस्तीच्या वर्गाला जातात, त्या पालकांकडून हल्ली आणखी एक प्रश्न ऐकू येतो. वर्ग आठवड्यातून दोनच दिवस असतो. घरचे गॅरेज मोकळे आहे, जीप अंगणात उभी राहू शकते. मग गॅरेजमध्ये चार गाद्या घातल्या तर मुलांना घरीच सराव करता येणार नाही का?

करता येईल, असेच आमचे उत्तर आहे. मुलांच्या अंगात रग असते आणि ती चांगल्या कामी लागावी, असे कोणाला वाटणार नाही? पण ‘चार गाद्या घालणे’ हे वाटते तितके सोपे काम नव्हे. गादी दिसायला मऊ असते आणि तिच्याकडे पाहून मनाला लगेच निर्धास्तपणा येतो. हा निर्धास्तपणाच कधी कधी घात करतो. गादी कशापासून वाचवते व कशापासून वाचवू शकत नाही, हे आधी समजून घेतले, तर पैसा वाया जात नाही आणि मुलांच्या जिवालाही धोका राहत नाही. म्हणून हा विषय आज या पानावर घेत आहोत.

१. आखाड्याची माती काय सांगते

बेळगाव-कोल्हापूरच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. आपल्या तालमीतला हौदा आठवून पाहा. लाल माती चाळून खडे काढून टाकतात. तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर असे काही ना काही मिसळतात. कुस्तीपूर्वी पैलवान ती माती फावड्याने खणून उलटीपालटी करतात. यात अंगमेहनत होते हे खरेच. पण त्याबरोबर माती सैल होते आणि पाठीवर पडणाऱ्या गड्याला ती थोडी आत घेते. न खणलेली, दबून घट्ट झालेली माती म्हणजे जवळजवळ फरशीच.

शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली पूर्ण झाले. तिथल्या मातीत कित्येक पिढ्या घडल्या. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेही मातीतलेच पैलवान. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर लढावे लागले, तेव्हा ती त्यांच्या सवयीची नव्हती. तरीही ते सहावे आले. पुढे १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळवले. आज ‘महाराष्ट्र केसरी’च्या स्पर्धेतही माती व गादी असे दोन विभाग असतात.

जपानात ज्युदोची गोष्ट अशीच आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतील एइशो-जी या बौद्ध मंदिरात आपली शाळा सुरू केली, तेव्हा त्यांच्याजवळ अवघ्या बारा गाद्यांची जागा होती. त्या गाद्यांना ‘तातामी’ म्हणतात. पूर्वापार तातामीच्या आत असते भाताचे काड, घट्ट दाबून शिवलेले. आणि वर एका जातीच्या लव्हाळ्याची विणलेली चटई. खानापूर भागात जे काड आपण गुरांपुढे टाकतो, तसलेच तिथे मल्लांच्या पाठीखाली आले. सांगायचा मुद्दा हा की, माती असो वा काड, जाणत्यांनी आधी जमिनीची सोय केली आणि मग डाव शिकवले.

२. पडताना नेमके काय होते

थोडा हिशेब करू. एक मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. ज्युदोतील फेकीत मुलाचे अंग साधारण एवढ्या उंचीवरून येते. हा वेग शून्यावर यायला अंतर किती मिळते, यावर मार किती बसणार हे ठरते. सिमेंटच्या कोब्यावर हे अंतर जेमतेम दोन मिलिमीटर असेल, तर सरासरी बळ त्या भागाच्या वजनाच्या सुमारे पाचशे पट होते. चार सेंटिमीटर जाडीची गादी निम्मी दबली आणि दोन सेंटिमीटर अंतर मिळाले, तर तेच बळ पन्नास पटीवर येते. गादी करते ते एवढेच: थांबायला अंतर देते.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, फार पातळ गादी पूर्ण दबून जाते आणि खालची फरशी लागतेच. मग ती असून नसल्यासारखी. दुसरी, फार मऊ गादीही उपयोगाची नाही. तीत पाऊल रुतते. अंग वळते, पण पाऊल वळत नाही, आणि गुडघा वा घोटा मुरगळतो. म्हणून घरच्या कापसाच्या गाद्या एकाशेजारी एक टाकून सराव करू देऊ नये. कापसाचे गोळे होतात, गाद्या एकमेकींपासून सरकतात आणि नेमक्या त्या फटीत पाय जातो.

३. जागा तपासून घ्यावी

शेतकऱ्याच्या घरचे गॅरेज म्हणजे नुसते गाडी ठेवण्याचे ठिकाण नसते. तिथे खताची पोती असतात, फवारणीचा पंप असतो, कीटकनाशकांचे डबे असतात. अशा ठिकाणी औषध सांडले असेल किंवा पंप धुतला जात असेल, तर तिथे गाद्या मुळीच घालू नयेत. कित्येक कीटकनाशके त्वचेवाटे अंगात शिरतात, आणि घामेजलेली त्वचा त्यांना लवकर वाट देते. इथे मुले उघड्या हातापायांनी लोळणार आहेत, हे विसरू नये. दुसरी जागा नसेल, तर निदान औषधे व पंप कायमचे अन्यत्र, कुलपात हलवावेत आणि ज्या भागात औषधांचा वावर कधीच नव्हता तेवढाच भाग सरावाला घ्यावा.

पेट्रोल व डिझेलचे कॅनही बाहेर काढावेत. सरावाच्या जागेत मोटारसायकल सुरू करून ठेवू नये, आणि सराव चालू असता शेजारी इंजिन चालवू नये. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. बंद जागेत तो माणसाला नकळत मारतो.

कोब्यावर ऑइलचे डाग असल्यास त्यांवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरून एक रात्र ठेवावा. सकाळी झाडून, धुण्याचा सोडा व गरम पाणी घालून ताठ ब्रशने घासावे. तेलकट जमिनीवर गाद्या घसरतात आणि फोमही खराब होतो.

मापाचाही विचार हवा. दहा फूट रुंद व अठरा फूट लांब अशा नेहमीच्या गॅरेजमध्ये फेकीचा सराव एका वेळी एकाच जोडीने करावा. बाकीच्यांनी बाहेर उभे राहून पाहावे. पाहूनही पुष्कळ शिकता येते. भिंती जवळ असल्यामुळे खालपासून पाच-सहा फूट उंचीपर्यंत भिंतींना गाद्यांचे अस्तर लावावे. खांबाचे कोपरे, शटरची कडी, नळाची तोटी, भिंतीतले खिळे हे सर्व झाकावे वा काढून टाकावे. छताचा पंखा खाली लोंबत असेल, तर तो काढून भिंतीवरचा जाळीचा पंखा बसवावा.

४. ओल हा मोठा शत्रू

आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. जमिनीतून कोब्यात ओल चढते आणि वर गादी झाकलेली असली की तिला बाहेर जायला वाट उरत नाही. मग गादीखाली काळी बुरशी धरते, कुबट वास येतो आणि दमेकरी मुलांना धाप लागते.

ओल आहे की नाही हे पाहण्याचा सोपा उपाय असा. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद कोब्यावर पसरून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. एक दिवस-रात्र तसाच ठेवून मग उचलावा. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा कोब्याचा रंग गडद झालेला आढळला, तर ओल आहे असे समजावे. ही परीक्षा उन्हाळ्यात नव्हे, ऐन पावसाळ्यात करावी. नवा कोबा असल्यास घाई करू नये. कोबा वरून कोरडा दिसला, तरी आतले पाणी सुकायला पुष्कळ आठवडे लागतात.

ओल थोडी असल्यास जाड प्लास्टिक अंथरून त्याचे जोड वीतभर एकमेकांवर चढवावेत आणि वर फळ्यांची बैठक करावी. ओल जास्त असल्यास आधी बाहेरचे पाणी अडवावे. गॅरेजच्या मागे चर खणणे, पागोळ्यांचे पाणी दूर नेणे ही कामे शेतकऱ्याला सांगायला नकोत. ती न करता वर महाग गाद्या घालणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

५. गादीखालची बैठक

कराटेचे हातपाय चालवायचे असतील, तर कोरड्या, सपाट कोब्यावर थेट गाद्या घातल्या तरी चालते. पण जिथे मुले एकमेकांना उचलून टाकणार, तिथे गादीखाली लवचीक बैठक असावी. ती गावचा सुतारही करू शकतो.

बारा मिलिमीटर जाडीचे, पाण्याला टिकणारे प्लायवूड घ्यावे. त्याच्या खालच्या बाजूस दाट फोमचे किंवा रबराचे हाताच्या पंजाएवढे चौकोनी ठोकळे एकेक फुटाच्या अंतरावर चिकटवावेत आणि तो थर कोब्यावर मांडावा. त्यावर प्लायवूडचा दुसरा थर आडवा घालावा, म्हणजे खालच्या जोडावर वरचा जोड येणार नाही. दोन्ही थर स्क्रूने जोडून स्क्रूंची डोकी लाकडात बुडवावीत. सर्व बाजूंनी भिंतीपासून बोटभर जागा मोकळी सोडावी, म्हणजे हवा खेळेल आणि पावसाळ्यात लाकूड फुगले तरी बैठक उचलली जाणार नाही.

गॅरेजच्या कोब्याला पाणी वाहून जावे म्हणून दाराकडे उतार दिलेला असतो. ठोकळ्यांखाली पातळ पट्ट्या घालून बैठक समतल करावी. वाळवीचा भाग असेल तर मांडणीपूर्वीच तिचा बंदोबस्त करावा. औषध मारल्यास वास जाईपर्यंत जागा उघडी ठेवून मगच पुढचे काम करावे.

६. गाद्या निवडणे व घालणे

दातेरी कडांच्या, एकमेकींत अडकणाऱ्या फोमच्या गाद्या बाजारात मिळतात. त्या बहुधा एक मीटर लांब व एक मीटर रुंद असतात. नुसत्या कराटेला दोन सेंटिमीटर जाडी पुरते. ज्युदोला वा कुस्तीला चार सेंटिमीटरपेक्षा कमी नको, तीही दाट फोमची. खऱ्या ज्युदोच्या गाद्या एक मीटर बाय दोन मीटर मापाच्या असून वर रेक्झिनचे आवरण असते. त्या महाग पडतात, पण पुष्कळ वर्षे टिकतात. एखाद्या क्लबाने बदललेल्या जुन्या गाद्या मिळत असतील तर घ्याव्यात. मात्र फोम बसलेला नाही ना, हे पाहावे. गादीवर दोन्ही गुडघे टेकून एका गुडघ्यावर सारा भार द्यावा. खालची जमीन गुडघ्याला जाणवली, तर ती गादी घेऊ नये.

नव्या गाद्यांना रसायनाचा वास असतो. वास जाईपर्यंत काही दिवस त्या सावलीत, वाऱ्यावर उभ्या ठेवाव्यात. मग कोपऱ्यापासून सुतळी ताणून सरळ रेषेत पहिली रांग लावावी आणि तिला धरून पुढच्या रांगा. शेवटी भिंतीलगतचे तुकडे धारदार सुरीने, लोखंडी पट्टी धरून कापावेत. उन्हाने फोम फुगतो, म्हणून कडेला बोटाच्या निम्म्याएवढी फट राहू द्यावी.

गाद्या सरकू नयेत म्हणून सभोवती लाकडी चौकट ठोकावी. चौकटीची उंची गादीपेक्षा थोडी कमी असावी, नाहीतर पडणाऱ्याची पाठ तिच्यावर आपटेल. गाद्या खाली चिकटवू मात्र नयेत. त्या उचलता आल्या पाहिजेत. दोन गाद्यांच्या मध्ये पायाचे बोट जाईल एवढी फट कोठेही राहू नये. बोटे मोडण्याचे प्रकार अशा फटींतूनच होतात. रोज सराव सुरू होण्यापूर्वी कोणीतरी अनवाणी चालून सर्व जोड पाहावेत, असा नियमच करावा.

७. गादीवरून पसरणारे रोग

घामट अंगे एकमेकांना घासतात तिथे त्वचेचे रोग वाढतात. गजकर्ण, म्हणजेच नायटा, हा कुस्ती व ज्युदो खेळणाऱ्यांत नेहमी आढळतो. पुळ्या, गळवे आणि ओठांवर वा चेहऱ्यावर उठणारी नागिणीच्या जातीची बारीक फोडेही अशीच पसरतात.

उपाय साधे आहेत. बाहेरच्या चपला गादीवर नकोत आणि अनवाणी पायांनी बाहेर जाणे नको. दारात पायपुसणे व चपला ठेवाव्यात. नखे कापलेली असावीत. टॉवेल ज्याचा त्याचा. सराव संपताच साबणाने अंघोळ करावी आणि घामाचे कपडे त्याच दिवशी धुवावेत.

सरावानंतर गाद्या आधी साबणाच्या पाण्याने पुसाव्यात. मग सुमारे पाच टक्के तीव्रतेचे ब्लीचचे द्रावण एक लिटर पाण्यात वीस मिलिलिटर या प्रमाणात मिसळून त्याने पुसावे, दहा मिनिटे ओले राहू द्यावे आणि शेवटी स्वच्छ पाण्याने पुसून काढावे. हे मिश्रण रोज ताजे करावे. संडास साफ करण्याच्या आम्लात ब्लीच कधीही मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो. आठवड्यातून एकदा गाद्या उचलून उभ्या कराव्यात, खालची जमीन झाडावी आणि शटर उघडे ठेवावे.

ज्याच्या अंगावर चट्टा वा पुळी दिसेल त्याने डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गादीवर येऊ नये. यात शिक्षा किंवा लाज नाही. इथे एक इशारा द्यावासा वाटतो. औषधाच्या दुकानातून न विचारता आणलेल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. ते लावल्यावर खाज दोन दिवसांत थांबते, पण नायटा आतून पसरत राहतो आणि पुढे खऱ्या औषधालाही लवकर दाद देत नाही. नायट्याचा उपचार कित्येक आठवडे चालतो. चट्टा दिसेनासा झाला म्हणून औषध मध्येच सोडू नये.

८. गादीला जे जमत नाही

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जपानात ज्युदोच्या गाद्या चांगल्या असतात, शिक्षक असतात, परंपरा आहे. तरीही १९८३ पासून २०१० पर्यंतच्या काळात तिथल्या शाळांत ज्युदो खेळताना शंभराहून अधिक मुले दगावली. रियो उचिदा या अभ्यासकाने या मृत्यूंची नोंद जुळवून पुढे मांडली, तेव्हा तो देश हादरला. पुष्कळ मृत्यू डोक्याच्या दुखापतीने झाले होते, आणि नवशिकी मुले त्यांत विशेष होती.

असे का व्हावे? डोके जोराने झटकले गेले की मेंदू कवटीच्या आत हलतो आणि मेंदूवरून जाणाऱ्या बारीक शिरा तुटून आत रक्त साचते. यासाठी डोके जमिनीवर आपटलेच पाहिजे असे नाही. नुसता हिसका पुरेसा असतो. गादी आपटण्याचा जोर कमी करते, हिसका थांबवत नाही. त्यापासून वाचवते ती मुलाची स्वतःची मान आणि पडण्याची विद्या.

या विद्येला ज्युदोत ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीला लावायची, नजर आपल्या पट्ट्याच्या गाठीकडे ठेवायची, श्वास सोडायचा आणि हात अंगापासून थोडा दूर ठेवून सपाट तळव्याने गादीवर मारायचा. आधी निजून, मग बसून, मग उकिडवे राहून आणि शेवटी उभे राहून, अशा पायऱ्यांनी ती शिकतात. यात आठवडे जातात आणि मुलांना कंटाळा येतो. पण हे झाल्याशिवाय कोणीही कोणाला फेकू नये. पाय मागून छाटून पाठीवर पाडण्याचा ‘ओसोतो-गारी’ हा डाव नवशिक्याला विशेष धोक्याचा, कारण त्यात डोके थेट मागे जाते. घरच्या गॅरेजमध्ये, शिक्षक नसताना, तो मुळीच करू नये.

म्हणून घरच्या सरावाची मर्यादा पालकांनीच आखून द्यावी. पडण्याचा सराव, व्यायाम, पकडीचा अभ्यास आणि जमिनीवरचे सावकाश डाव घरी चालतील. फेकी मात्र शिकवणाऱ्याच्या देखरेखीखालीच. मोठ्या मुलाने लहान भावाला टाकून पाहणे हा खेळ नव्हे. आणि एक मोठे माणूस तिथे हजर असल्याशिवाय शटर उघडू नये.

डोक्याला मार वा हिसका बसल्यावर मूल गोंधळले, डोके दुखते म्हणाले, चक्कर आली, तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला. डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुन्हा गादीवर पाय ठेवायचा नाही. पहिली दुखापत भरण्यापूर्वी दुसरी झाली, तर ती जिवावर बेतू शकते. पुन्हा पुन्हा उलटी होणे, डोकेदुखी वाढत जाणे, झोप अनावर होणे, बोलणे अडखळणे, झटके येणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे यांपैकी एकही खूण दिसली, तर सकाळपर्यंत थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. मान दुखत असेल किंवा हातपाय बधिर वाटत असतील, तर मुलाला उठवू-बसवू नये. आहे तसेच स्थिर ठेवावे.

तात्पर्य, ज्याला हे काम करायचे असेल त्याने क्रम सोडू नये. आधी विषारी औषधे बाहेर, मग ओलीचा बंदोबस्त, मग बैठक, मग गाद्या, आणि गाद्यांवर पहिले कित्येक आठवडे नुसते पडणे. हात आखडता असेल, तर गाद्या कमी घ्याव्यात, पण पातळ घेऊ नयेत. चार मीटरच्या नीट जागेत एक मूल धडपणे पडायला शिकले, तर पुढे मळ्याच्या निसरड्या बांधावर किंवा शाळेच्या जिन्यावरही ती विद्या त्याच्या उपयोगी पडेल.